आधी लाकडाचं करून आण

"आधी लाकडाचं करून आण," आप्पा म्हणाले आणि माझा अर्ज त्यांनी टेबलावरून परत माझ्याकडे सरकवला.

"कशाचं, आप्पा?"

"हे काय म्हणाया लागलीस ते. ट्रेनिंग."

"ट्रेनिंग लाकडाचं कसं करायचं?"

"ते म्हादबाला विचार. मी काय सुतार हाय?"

चष्मा नेहमीसारखा कपाळावर होता. तो नाकावर उतरलेला मी तीन वर्षांत पाहिला नव्हता. मोठ्या माणसांच्या काही लकबी असतात, तशी ही एक, एवढंच मला वाटायचं. मी अर्ज उचलला आणि केबिनच्या बाहेर आले.

ही दोन हजार दोन सालची गोष्ट. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आप्पासाहेब मगदूमांचं पॅटर्न शॉप होतं. फाउंड्रीत लोखंड वाळूच्या साच्यात ओततात, आणि वाळूत तो पोकळ आकार उमटवायला आधी हुबेहूब लाकडी वस्तू लागते. तोच पॅटर्न. पंपाची बॉडी, फ्लायव्हील, इंजिनाचं झाकण, काय वाटेल ते आमच्याकडे आधी सागवानात जन्माला यायचं. मी तिथली ड्राफ्ट्समन, आयटीआय पास. कंपनीकडून कागदावरचं ड्रॉइंग यायचं, ते वाचून मी प्लायवुडच्या फळीवर खऱ्या मापात उतरवायची, आणि त्यावरून म्हादबा सुतार आणि त्यांचे पाच जण लाकूड कापायचे.

फळीवर रेघ मारायची ती चाकूनं, पेन्सिलीनं नाही, असा आप्पांचा दंडक होता. पेन्सिलीची रेघ जाड असते, तिच्या कुठल्या कडेला कापायचं यावर सुतारांची भांडणं होतात, असं ते सांगायचे. माझा लेआउट पुरा झाला की ते येऊन उभे राहायचे, अंगठा रेघेरेघेवरून फिरवायचे आणि म्हणायचे, "हितं अर्धा मिलिमीटर खाल्लायस." मी मोजायची. अर्धा मिलिमीटर खाल्लेलाच असायचा.

आमच्या धंद्यात दुसरी एक गोष्ट महत्त्वाची. ओतलेलं लोखंड थंड होताना आटतं, म्हणून लाकूड मुळातच तेवढं मोठं करायचं. बिडाला, म्हणजे ओतीव लोखंडाला, शंभराला एक, पोलादाला शंभराला दोन. आमच्या शॉपमधल्या पट्ट्यासुद्धा त्या हिशेबानं लांब असायच्या, त्यामुळे आमच्याकडे उंची मोजून घेतलेला कुणीही माणूस प्रत्यक्षापेक्षा बुटका निघायचा. आप्पा हा हिशेब माणसांनाही लावत. "माणूस एक तर बिडाचा, न्हाईतर पोलादाचा," ते म्हणायचे. "बीड कमी आटतं, पण ठोका बसला की फुटतं. पोलाद लई आटतं, पण फुटत न्हाई." पहिल्याच आठवड्यात माझा एक लेआउट चुकला, ते ओरडले, मी रडले. तेव्हा ते म्हादबांना म्हणाले, "पोरगी बिडाची दिसत्या." ते मी विसरले नव्हते.

आता हा अर्ज कशासाठी, तेही सांगते. आमचं निम्म्याहून जास्त काम एका पंपाच्या कंपनीचं होतं. तिचं पत्र आलं होतं की पाडव्यापासून कागदी ड्रॉइंग बंद, सगळं कॉम्प्युटरवर येणार, ते उघडून मापं काढायची सोय करून घ्यावी. कॉम्प्युटर घ्यायला आप्पांची ना नव्हती. पण ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर येणारं कुणी नव्हतं. पुण्यात पन्नास दिवसांचा कोर्स होता. त्याची फी माझ्या आठ पगारांएवढी होती, म्हणून ती शॉपनं भरावी, असा माझा अर्ज. कागद बंद म्हणजे मी बंद, हे मला स्वच्छ दिसत होतं. गडहिंग्लजला माझ्या भावानं माझ्यासाठी पतसंस्थेत पिग्मी गोळा करायचं काम बघूनही ठेवलं होतं. दुकानोदुकानी फिरून चहा नको म्हणायचा आणि पावत्या फाडायच्या. मला ते नको होतं. मला ती फळी, तो चाकू आणि भुशाचा वास हवा होता.

आणि आप्पा म्हणाले, आधी लाकडाचं करून आण.

हे काही माझ्यावर खास बेतलेलं नव्हतं. लाकडात पाहिल्याशिवाय ते कशालाच मान्यता देत नसत. शॉपमध्ये नवीन संडास बांधायचा ठरला तेव्हा म्हादबांनी सागवानी कमोड केला होता. आप्पांनी त्यावर बसून पाहिलं, उंची दोन इंचांनी कमी करवली आणि मगच गवंडी बोलावला. तो कमोड अजून स्टोअरमध्ये स्टूल म्हणून वापरात होता. लेकीच्या लग्नाच्या पंगतीची मांडणी त्यांनी लाकडी पाटांवर लाकडी माणसं बसवून पास केली होती. दातांची कवळी करायची वेळ आली तेव्हा डॉक्टरांच्या आधी म्हादबांनी केली, शिसवीची. आप्पा दोन दिवस ती घालून हिंडले. कुणी हसलं नाही, कारण सगळ्यांना पगार वेळेवर मिळत होता.

म्हादबांनी माझं सगळं ऐकून घेतलं. साठी उलटलेला माणूस, कानावर पेन्सिल, तोंडात तंबाखू.

"शिकणं कसं दिसतं गं पोरी?" त्यांनी विचारलं. "गोल असतंय का चौकोनी?"

"दिसत नाही, मामा."

"मग ज्याच्यावर शिकणार ते करूया. ते तरी दिसत असंल."

मी त्यांना कॉम्प्युटरचं चित्र काढून दिलं, तिन्ही बाजूंनी. पुढची काच, खालचा बटणांचा पाट. मागचा फुगवटा नको म्हटलं, लाकूड वाया जाईल. पुढच्या काचेच्या जागी खाच ठेवली, म्हणजे तिच्यात मी ड्रॉइंगचे कागद एकामागून एक सरकवून कॉम्प्युटरवर ड्रॉइंग कसं दिसतं, कसं फिरवता येतं ते दाखवू शकले असते. आठ दिवस म्हादबा त्यावर खपले. एकशे एक बटणं त्यांनी एकेक घासून बसवली. माणूस सवयीचा गुलाम. त्यांनी त्या कॉम्प्युटरला वाळूतून सुटून यावा म्हणून सगळ्या बाजूंनी उतार दिला, आतले कोपरे गोल केले, मधून दोन भाग करून खुंट्या बसवल्या, आटण्यापुरतं माप वाढवलं, आमच्या रिवाजाप्रमाणे लाल रंग दिला आणि तळाला जॉब नंबर घातला. एम चारशे सतरा. खाली तारीख.

"मामा, हा ओतायचा नाही."

"ठाऊक हाय. पण उतार न्हाई दिला तर हाताला बरं वाटत न्हाई."

पहिलं सादरीकरण सोमवारी झालं. मी आप्पांसमोर लाल कॉम्प्युटर ठेवला आणि पुण्याच्या कोर्सच्या माहितीपत्रकात वाचलेलं सगळं पाठ म्हणून दाखवलं. पंपाच्या बॉडीचं ड्रॉइंग खाचेत सरकवलं. गडबडीत ते उलटं गेलं, पंपाचं तोंड खाली आणि पाय वर. म्हादबा खोकले. मी आप्पांकडे पाहिलं.

"चांगलं हाय," आप्पा म्हणाले.

ते त्या चित्राकडे दुर्लक्ष करून पाव तास कॉम्प्युटरवरून हात फिरवत राहिले. मला मनातून संताप आला. माझं भवितव्य उलटं टांगलंय आणि हा माणूस लाकूड कुरवाळतोय. शेवटी त्यांचा अंगठा डाव्या कोपऱ्यात थांबला.

"हितं धार राहिलीया. घासून आण. मग बघू."

"आप्पा, शनिवारपर्यंत फी भरली नाही तर जागा जाणार."

"मग लवकर घासा."

म्हादबांनी त्याच दुपारी कोपरा घासला, पुन्हा लाल हात मारला आणि कॉम्प्युटर वाळायला दाराजवळच्या कट्ट्यावर ठेवला. इथंच घोटाळा झाला. त्या कट्ट्यावर तयार पॅटर्न ठेवायचे आणि फाउंड्रीच्या टेम्पोनं ते न विचारता उचलून न्यायचे, ही आमच्याकडची वर्षानुवर्षांची पद्धत. मंगळवारी सकाळी आम्ही आलो तर कट्टा रिकामा.

मी फाउंड्रीला फोन केला. कुणी उचलला नाही. बुधवारी उचलला, तर समोरच्यानं "एम चारशे सतरा ना, घाई हाय ते कळलंय, काळजी करू नका," असं म्हणून ठेवून दिला. गुरुवारी मी स्वतः शिरोलीला फाउंड्रीत जाऊन धडकले, तेव्हा त्यांनी मला मोठ्या अभिमानानं वाळूचा ढीग दाखवला. ढिगातून वाफ येत होती.

शुक्रवारी सकाळी टेम्पो आला. चार माणसांनी मिळून बिडाचा कॉम्प्युटर उतरवला. सत्तर किलो भरला. एकशे एक बटणं एकजीव, सगळी स्पष्ट. बरोबर लाकडी पॅटर्न आणि फाउंड्रीवाल्याची चिठ्ठी: "नमुना नग पाठवत आहोत. मशीन कोणतं ते समजलं नाही, पण ओतकाम उत्तम उतरलं आहे. पास झाल्यास पुढील नग किती ते कळवावे."

मी कट्ट्यावर बसले. कोर्सची जागा उद्यापर्यंत, खाचेतले कागद गहाळ, आणि पुढ्यात हा सत्तर किलोंचा अवजड विनोद. म्हादबांनी तंबाखू थुंकली आणि त्या नगावरून पंजा फिरवला.

"चल, घिऊन जाऊ आत," ते म्हणाले. "लाकडाचं मागितलं हुतं, लोखंडाचं झालं. पुढचीच पायरी की."

"मामा, थट्टा नको."

"थट्टा न्हाई. चल."

चौघांनी तो ठोकळा केबिनमध्ये आणला. टेबल कुरकुरलं. माणसं बाहेर गेली. आत आप्पा, मी आणि म्हादबा. लाकडी पॅटर्न माझ्या काखेत होता. मी ठरवलं होतं की सरळ माफी मागायची, झालेला प्रकार सांगायचा, आणि पडद्याच्या जागी आता नुसतं काळं बीड आहे ते दाखवून म्हणायचं की आप्पा, आता तरी सोडा हा नाद.

"आप्पा," मी सुरुवात केली, "आता पडद्याकडं बघा."

आप्पांनी मान तिकडे वळवली, जरा पुढे झुकले आणि म्हणाले, "व्हय की. सोमवारच्यापेक्षा ठळक आलंय चित्र."

मला आधी वाटलं, ते माझी फिरकी घेताहेत. मी हसायला तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांच्या खांद्यामागून म्हादबांनी ओठांवर बोट ठेवलं. त्यांचा चेहरा मी इतका गंभीर कधी पाहिला नव्हता.

मी हातातला लाकडी कॉम्प्युटर उगाच उलटा केला. तळाला तारीख होती. स्टोअरमधल्या कमोडच्या तळालाही तारीख होती, रोज त्यावर बसून मी डबा खायची. अठ्ठ्याण्णव. लग्नाच्या पाटांवर नव्व्याण्णव. वीस वर्षांच्या शॉपमध्ये असली एकही वस्तू अठ्ठ्याण्णवच्या आधीची नव्हती. कपाळावरचा चष्मा. चाकूच्या रेघा. अंगठा.

"गप का झालीस?" आप्पा म्हणाले.

"आप्पा, पडद्यावर चित्र नाहीये. सबंध बीड आहे."

आप्पांनी कपाळावरचा चष्मा काढला, रुमालानं पुसला आणि परत कपाळावर ठेवला.

"म्हादबा, दार लाव."

म्हादबांनी दार लावलं. "मी काय बोललो न्हाई मालक."

"ठाऊक हाय तू बोलणार न्हाईस ते. तुझंच डोकं हाय सगळं, हे लाकडात करून बघायचं." मग माझ्याकडे, म्हणजे माझ्या आवाजाच्या दिशेनं, वळून ते म्हणाले, "काचबिंदू. मिरजंच्या डॉक्टरनं सांगितलंय, गेलेली नजर परत येत न्हाई. उजेड-अंधार कळतोय. माणूस उभा हाय तेवढं कळतंय. चार वर्सं झाली."

"घरी?"

"घरी वाटतंय, म्हातारा हेकट झालाय. ते बरं हाय." त्यांनी रुमालाची घडी घातली. "डोळं गेलेल्या माणसाला अर्ध्या मिलिमीटरचं काम कोण देईल, सांग तू. ह्या उद्यमनगरात एकाला जरी कळलं तर संध्याकाळपर्यंत शॉप रिकामं. ही सहा माणसं कुठं जातील?"

मला वाईट वाटत होतं आणि रागही येत होता, दोन्ही एकदमच. शिसवीची कवळी आठवून हसूही येत होतं, त्याची लाज वाटत होती.

"मग मला पुण्याला का पाठवत नाही, आप्पा? तुम्हाला कागद काय आणि काच काय, सारखंच."

"सारखं न्हाई," आप्पा म्हणाले. "कागदाचं तू फळीवर कापून देतीस. ते मी वाचतो. हे शिकलीस की सगळं काचेतच राहणार. फळी कशाला लागेल? चाकू कशाला? आणि दुसरं, पुण्यात शिकलेली पोरगी कोल्हापुरात परत येत्या कशाला?"

असं होतं तर. पंधरा दिवस मी त्यांना सॉफ्टवेअर किती वेगवान आहे, किती अचूक आहे, किती कागद वाचतो, हेच सांगत होते. प्रत्येक वाक्यानं त्यांची भीती वाढवत होते, आणि मला पत्ता नव्हता.

"काचेवर काहीही येऊ दे," मी म्हणाले, "मी ते फळीवर उतरवणार, चाकूनंच. तुमच्या अंगठ्याखालून गेल्याशिवाय करवत लागणार नाही. आणि मी परत नाही आले तर गडहिंग्लजला पिग्मी गोळा करायला जाईन, पुण्यात राहणार नाही. तिथं मला कोण अर्धा मिलिमीटर खाल्लायस म्हणणार?"

बिडाच्या बटणांवरून आप्पांची बोटं फिरत होती, एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर.

"ओतकाम चांगलं झालंय," ते म्हणाले. "अर्ज आण."

अर्ज माझ्या पर्समध्येच होता. मी तो टेबलावर पसरला. त्यांनी पेन काढलं आणि ते हवेतच धरून थांबले. सही कुठं करायची ते विचारायला त्यांची जीभ रेटत नव्हती. इतकी वर्षं म्हादबा शेजारी उभे राहून "हितं मालक" असं कुजबुजायचे, हे मला नंतर कळलं. म्हादबा पुढे झाले, पण त्यांच्या आधी मी ॲप्रनच्या खिशातून चाकू काढला आणि अर्जाच्या तळाशी, फाटणार नाही इतक्या हलक्या हातानं, एक रेघ ओढली.

आप्पांचा अंगठा कागदावर उतरला. रेघ सापडल्यावर क्षणभर तिथंच राहिला. मग त्यांनी सही केली, रेघेवर, ठणठणीत.

"किती दिवस म्हणालीस?"

"पन्नास."

"एक्कावन्न लिही. एक दिवस जास्तीचा ऱ्हा. जे कच्चं वाटंल ते परत विचारून घे. जेवणाखाण्याचं शॉप बघंल."

मी पन्नास खोडून एक्कावन्न लिहिलं. आभार मानायला गेले तर त्यांनी हात हलवला. "जा आता. आणि हे धूड हितनं हलवा, टेबल मोडंल."

ते धूड आज तेवीस वर्षांनीही शॉपच्या दाराला टेकण म्हणून आहे, वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून. माझ्या टेबलावर तीन पडदे आहेत. नवीन मुलं त्या बिडाच्या बटणांवर चपला पुसतात आणि ते काय आहे असं विचारतात.

पण त्या शुक्रवारी मी केबिनमधून बाहेर आले तेव्हा मला फक्त एकच कोडं पडलं होतं.

"मामा, हा वरचा एक दिवस कशाचा?"

म्हादबा माझ्याकडे बघत राहिले. "तीन वर्सं आमच्यात हायस आणि हे विचारतीस? शिकलेलं बी थंड झालं की आटतंय. त्याचं वाढीव माप दिलंय मालकानं."

"पण मग शंभराला एक धरला तर पन्नासाला अर्धाच दिवस होतो की."

"व्हय," म्हादबा म्हणाले. "बिडाला धरला तर अर्धाच."

आणि ते आपल्या रंध्याकडे निघून गेले. मी माझ्या फळीजवळ आले. अर्धवट राहिलेला लेआउट समोर होता. मी चाकू हातात घेतला, पण बराच वेळ मला रेघच दिसेना. मग मी ती अंगठ्यानं शोधली.